हारवाले काका आणि साठ गजरे

पत्र थोडक्यात: पुण्यातल्या एका वाचक ताईंच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. दीडशे पाहुणे, सकाळचा मुहूर्त. त्यांच्याकडे रोज पूजेची फुलपुडी देणारे कोपऱ्यावरचे हारवाले काका पंधरा वर्षांच्या ओळखीचे. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या साखरपुड्याला, ऐन दसऱ्याच्या आठवड्यात, त्यांना ६० गजरे, दोन हार आणि तोरणं सांगितली होती. माल तासभर उशिरा आला, निम्मे गजरे काळवंडलेले होते आणि मोगऱ्याऐवजी बऱ्याच गजऱ्यांत दुसरीच फुलं निघाली. आता यजमान म्हणतात, सगळं ऑनलाइन मागवू, नाहीतर डेकोरेटरला देऊन टाकू. मुलगी मोबाइलवर परदेशी फुलांचे फोटो दाखवते, पण गजरे मात्र मोगऱ्याचेच हवेत म्हणते. काकांना टाळणं ताईंच्या जिवावर येतं आणि पुन्हा फजितीही नको आहे. ‘ओळखीच्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं ना?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमच्या देवाला काय लागतं हे काकांना पाठ आहे, म्हणून लग्नघराला काय लागेल हेही त्यांना न सांगता कळेल असं तुम्ही धरून चाललात. पुडीचं काम ओळखीवर चालतं. तुळस जास्त, जास्वंद लाल, चतुर्थीला दूर्वांची जुडी, एवढं एकदा लक्षात राहिलं की झालं. साठ गजऱ्यांचं काम वेगळं आहे. ते किती माणसं बांधायला बसतात, किती वाजता बसतात आणि त्या पहाटे बाजारात काय उतरलं यावर ठरतं.

साधा हिशोब करून बघा. सरावलेला हात एक दाट गजरा दहा मिनिटांत बांधतो असं धरलं, तर ६० गजऱ्यांना १० तास होतात, तेही चहासाठी न उठता. वर दोन हार आणि तोरणं. काका आणि काकू दोघंच बसले असतील, तर सकाळच्या कार्यक्रमाचे गजरे आदल्या दुपारीच बांधायला घ्यावे लागले असणार. म्हणजे फुलं त्याच्याही आधीची. ती रात्रभर ओल्या फडक्यात आणि वरून प्लास्टिकच्या पिशवीत राहिली, ऑक्टोबरचा उकाडा होता. खुडलेलं फूलही श्वास घेतं आणि त्यातून उष्णता निघते. पिशवी बंद असली की ती उष्णता आणि वाफ आतच कोंडते, पाकळ्या पाणावतात आणि सकाळपर्यंत कडेनं तपकिरी होतात. काळवंडलेल्या गजऱ्यांचं कारण बहुधा एवढंच.

दसऱ्याचा आठवडा हे दुसरं कारण. त्या दोन-तीन दिवसांत प्रत्येक हारवाल्याचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम झेंडूचं असतं. दुकानं, रिक्षा, कारखाने, सगळ्यांना तोरणं हवी असतात. परतीचा पाऊस झाला असेल तर भिजलेला झेंडू लवकर सडतो, त्यामुळे निवडण्यात आणखी वेळ जातो. मोगऱ्याचा बहरही तोवर ओसरलेला असतो.

काकांची काहीच चूक नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. ‘एवढे गजरे माझ्याच्यानं होणार नाहीत’ हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं आणि फुलं बदलताना एक फोन करायला हवा होता. पण ऑर्डर देताना त्यांना तुम्ही नेमकं काय सांगितलं होतं हेही आठवून बघा. ‘काका, साठ गजरे, दोन छान हार आणि दाराला तोरणं’ एवढंच सांगितलं असेल, तर त्यात लांबी, फूल, वेळ, पर्याय, काहीच येत नाही. अशी ऑर्डर कुठल्याही मोठ्या दुकानात दिली असती तरी असंच घडण्याची शक्यता होती.

यजमानांच्या म्हणण्याकडे वळू. ऑनलाइन फुलं विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या ऑर्डर घेतात आणि तुमच्याच भागातल्या एखाद्या फुलवाल्याकडे पाठवतात. म्हणजे माल त्याच मार्केट यार्डातून येतो, फक्त बांधणाऱ्याशी तुमचं बोलणं होत नाही. वाढदिवसाचा गुच्छ परगावी पाठवायला ही सोय चांगलीच आहे. वरमाला, मुंडावळ्या, व्याहीभेटीचे हार यांसाठी नाही, कारण त्यात मापं असतात, रीत असते आणि ऐन वेळी ‘अजून दोन हार लागतील’ असं सांगायला समोर माणूस लागतो.

डेकोरेटरचा विचार मात्र जरूर करा, पण त्याआधी हॉलच्या व्यवस्थापकाला विचारा. बऱ्याच हॉलमध्ये स्टेजची सजावट त्यांच्या ठरलेल्या डेकोरेटरकडूनच करून घ्यावी लागते, बाहेरचा आणला तर वेगळे पैसे घेतात. तसं असेल तर स्टेजचा प्रश्न तिथेच संपला. पॅकेज घेताना एकच गोष्ट लिहून घ्या: खरी फुलं कुठे आणि कृत्रिम कुठे. वरची झालर कापडी फुलांची असली तर बिघडत नाही. नवरा-नवरीच्या मागचा भाग आणि गौरीहराची जागा तरी खऱ्या फुलांची असावी असं मला मनापासून वाटतं.

माझा सल्ला काम वाटून देण्याचा आहे. स्टेज आणि प्रवेशद्वार डेकोरेटरकडे. देवाची फुलं, हार, मुंडावळ्या, घराची तोरणं काकांकडे. गजरे काकांकडे द्यायचे की नाही, हे त्यांच्याशी बोलल्यावर ठरवा.

त्याआधी मुलीशी बोलून घ्या, कारण मोगऱ्याची खरी अडचण तिथे आहे. मोगरा उन्हाळ्याचा, फार तर पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा. थंडीत आपल्याकडे तो तुरळक येतो, कळी बारीक असते. बाजारात दिसतो त्यातला बराच दक्षिणेकडून येतो आणि तिकडेही थंडीत, धुक्यात उत्पादन घटतं. त्यामुळे मार्गशीर्षात मोगऱ्याचा भाव उन्हाळ्याच्या कित्येक पट असू शकतो, आणि पैसे मोजूनही पन्नास गजऱ्यांचा माल एकसारखा मिळेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. जो देतो त्याच्याबद्दल सावध राहा.

मार्ग असा काढता येईल. मुलीचा, दोन्ही आयांचा आणि करवल्यांचा मिळून सात-आठ गजरे मोगऱ्याचे सांगा. बाकीचे कागड्याचे किंवा निशिगंधाच्या कळ्यांचे. कागडा थंडीत मुबलक असतो, दिसायला पांढराशुभ्र आणि मोगऱ्याच्या जवळचा, वास मात्र जवळजवळ नसतो. निशिगंधाला वास भरपूर, पण कळी लांबट असल्यानं गजरा थोडा जाड दिसतो. मध्ये अबोलीची ओळ घातली तर रंग येतो, आणि अबोली सुकायलाही वेळ घेते. गजऱ्यासाठी निशिगंध एकेरी पाकळीचा लागतो. दुहेरीचे दांडे फुलदाणीसाठी.

याही वेळी साठच गजरे सांगणार असाल, तर तो आकडाही तपासा. दीडशे पाहुण्यांत बायका साधारण निम्म्या. केस आखूड असलेल्या, गजरा न माळणाऱ्या आणि स्वतःचा घेऊन येणाऱ्या वजा केल्या तर चाळीस ते पंचेचाळीस पुरतात. सगळे हातभर लांब हवेत असंही नाही. नवरी आणि करवल्यांना हातभर, बाकीच्यांना वीतभर पुरे. एवढ्यानंच बांधणीचं काम निम्म्याच्या आसपास येतं. दोन्ही टोकांना चार-चार बोटं दोरा मोकळा ठेवायला सांगा, नाहीतर पिनेनं फुलालाच टोचावं लागतं.

परदेशी फुलांच्या फोटोंबद्दल. पिओनीचा युरोपातला हंगाम मे-जूनचा, त्यामुळे आपल्या हिवाळ्यात ती मिळालीच तर फार लांबून आलेली असते आणि किंमतही तशीच. हायड्रेंजिया पाण्याशिवाय पटकन मान टाकतो, हारात तर तो टिकणारच नाही. मुलीला विचारा की फोटोत तिला फूल आवडलं की रंग आणि भरगच्चपणा. बहुतेक वेळा उत्तर दुसरं असतं. मग फिकट गुलाबी डच गुलाब पूर्ण उमलू देऊन, सोबत कार्नेशन आणि पांढरी शेवंती घेतली की तोच भाव येतो. शेवंतीचा तर हाच हंगाम आहे. पांढरी, पिवळी, जांभळट, हवी तशी मिळते आणि दिवसभर मान ताठ ठेवते. डच गुलाब बाजारात २० नगांच्या गड्डीत येतो, लिलियम १० काड्यांच्या. त्यामुळे ‘२५ गुलाब’ सांगितले तरी दोन गड्ड्या घ्याव्या लागतात. संख्या गड्डीच्या पटीत ठेवली तर पैसे वाया जात नाहीत.

लिलियम घेणार असाल तर उमलल्या उमलल्या आतले परागकोश चिमटीनं काढून टाका. त्याची केशरी पूड पैठणीवर पडली की डाग बसतो. पडलीच तर पाणी लावू नका, हातानं झटकू नका, चिकटपट्टीनं टिपून घ्या. निळी किंवा गडद हिरवी ऑर्किड आणि शेवंती बहुधा रंगवलेली असतात. ओलसर असली तर पांढऱ्या शेल्यावर रंग उतरतो, म्हणून हारात ती नकोतच.

हारांची मापं तोंडी सांगू नका. सुतळी घ्या, मुलीच्या गळ्यात टाकून आरशासमोर बघा, जिथवर हवी तिथे गाठ मारा आणि ती सुतळीच काकांना द्या. नवरदेवाची वेगळी. मानेवर टेकणाऱ्या वीतभर भागात फुलं नकोत, तिथे रिबीन किंवा मऊ कापड गुंडाळायला सांगा. गुलाबाच्या हारात तार वापरतात, तिची टोकं आत वळवलेली हवीत, नाहीतर मान खरचटते. आणि फार जड हार टाळा. अंतरपाट दूर झाल्यावर हार घालायला क्षणभर लागतो, पण पुढे फोटोंसाठी तो बराच वेळ गळ्यात राहतो.

मग एक चिठ्ठी करा. दोन प्रती, एक काकांकडे, एक ज्याच्याकडे माल उतरवून घ्यायचं काम आहे त्याच्याकडे. ती साधारण अशी असावी:

‘सीमांतपूजन, आदला दिवस, संध्याकाळी ५, हॉलवर: हार ६ (शेवंती आणि गुलाब, व्याहीभेटीसाठी), वीतभर गजरे १५. लग्नाचा दिवस, सकाळी ७, हॉलवर: वरमाला २ (सुतळीच्या मापानं), फुलांच्या मुंडावळ्या २, हातभर गजरे ८ मोगरा, वीतभर गजरे ३५ कागडा. सुटी फुलं १ किलो मिश्र, दूर्वा २ जुड्या, तुळस, बेल, आंब्याचे डहाळे ५. अक्षतांसोबत उधळायला गुलाबाच्या पाकळ्या अडीच किलो. मोगरा नसेल तर: निशिगंधाच्या कळ्या, आदल्या रात्री ८ पर्यंत फोन करून. उतरवून घेणार: (नाव, मोबाइल).’

पाकळ्यांचा हिशोब माणशी १५ ग्रॅमच्या आसपास धरा, म्हणजे दोन छोट्या मुठी होतात. घरच्या तोरणासाठी दाराची रुंदी मोजून द्या, दोन्ही बाजूंना खाली सोडायच्या माळांची लांबी वेगळी लिहा. ‘नेहमीच्या दाराचं’ या शब्दांवर कुणी तोरण बांधू शकत नाही.

या चिठ्ठीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘नसेल तर’ ही आहे. फूल हा त्या दिवशीचा माल आहे. फुलवाला पहाटे बाजारात उभा असतो तेव्हा तुम्ही झोपलेल्या असता, आणि त्याला दोन मिनिटांत ठरवावं लागतं. तुमचा दुसरा पसंतीक्रम त्याच्या खिशात असेल तर तो तुमच्या मनासारखं ठरवेल, नसेल तर त्याच्या मनासारखं. मागच्या वेळी फुलं बदलली गेली ती इथेच.

मुहूर्त सांगू नका, माल हातात पडण्याची वेळ सांगा. सकाळी पावणेबाराचा मुहूर्त असला तरी गौरीहर आणि पुण्याहवाचन आधी असतं, मुलीची वेणी-फणी त्याच्याही आधी. म्हणून गजरे आणि सुटी फुलं सातला, वरमाला नऊला आल्या तरी चालतील. अशा दोन खेपा ठरवल्या तर काकांनाही श्वास घ्यायला वेळ मिळतो. लग्न गुरुवारी असेल तर आणखी एक काळजी घ्या. मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे घरोघरी महालक्ष्मीचं व्रत. बुधवारी संध्याकाळपासून प्रत्येक हारवाल्यासमोर रांग असते आणि शेवंती-झेंडूचे भाव चढतात. त्या दिवशी दुकान कोण सांभाळणार आणि तुमचं काम कोण करणार, हे काकांना थेट विचारा.

माल आल्यावर सही करण्याआधी पाच मिनिटं बघून घ्या. गजऱ्याचा वास घ्या, आंबूस असेल तर तो आदल्या दिवशीचा. मोगरा आणि निशिगंध सकाळी कळीच हवा, पूर्ण उमललेला आला तर दुपारपर्यंत मलूल होईल. गुलाबाच्या कळीचा बुडखा हलकेच दाबा, टणक हवा. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या काळपट-हिरवट असल्या तर घाबरू नका, त्या आतल्या फुलाचं रक्षण करतात, काढून टाकल्या की झालं. झेंडूचं फूल उलटं करून देठाकडची बाजू बघा, ती हिरवी आणि कोरडी असली की फूल ताजं.

पुढचे चार तास फुलं सांभाळणं हे आपलं काम आहे, आणि बऱ्याच घरांत माल इथेच बिघडतो. गजरे आणि हार टोपलीत किंवा उघड्या ताटात, खाली केळीचं पान, वर पिळून घेतलेलं सुती फडकं. बंद पिशवी नको, पंख्याखाली नको, एसीच्या झोताखाली नको, उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको. फळांच्या करंड्याशेजारीही नको. पिकलेल्या केळ्यांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्यानं कार्नेशन आणि ऑर्किड लवकर मान टाकतात. फ्रिजमध्ये ठेवायचेच असतील तर डब्यात, खालच्या कप्प्यात, बर्फाच्या खणापासून लांब. पाणी शिंपडायचं तर बारीक फवारा आणि तोही थोडा. शेवंतीच्या पाकळ्यांत पाणी साचलं की कडा तपकिरी होतात. दांड्याची फुलं बादलीत ठेवताना देठ तिरका कापून घ्या. गुलाबाला खोल पाणी चालतं, जरबेऱ्याला चार-पाच सेंटिमीटर पुरे, कारण त्याचा मऊ देठ खोल पाण्यात सडतो.

आता पैसे. काकांना आज पक्का भाव मागू नका, त्यांच्या हातात तो नाही. अंदाज घ्या आणि वरची मर्यादा ठरवा: ‘माल २० टक्क्यांपर्यंत चढला तर घ्या, त्यापुढे फोन करा.’ फुलांचा भाव आणि बांधणीची मजुरी वेगळी सांगायला सांगा, म्हणजे दोघांनाही स्पष्ट होतं. निम्मी रक्कम आगाऊ द्या, कारण बाजारात त्यांना रोख मोजावी लागते. घासाघीस करून शेवटचे पाचशे रुपये कमी केलेत तर ते हाराच्या दाटपणातून निघतात, दोन फुलांतलं अंतर वाढतं. बजेट कमी असेल तर नगच कमी करा. तोरण तीनऐवजी एक बांधा, वरमाला मात्र मनासारखी घ्या.

राहिला प्रश्न काकांशी बोलायचा. तुम्हाला वाटतं, मागची गोष्ट काढली तर त्यांना वाईट वाटेल. न काढता परस्पर दुसरीकडे ऑर्डर दिलीत आणि लग्नाच्या सकाळी दुसऱ्याची टोपली तुमच्या दारात त्यांनी पाहिली, तर जास्त वाईट वाटेल. दुपारी दुकान रिकामं असताना जा. फोनवर नको आणि गिऱ्हाइकांसमोर नको. ‘काका, साखरपुड्याच्या वेळी गजरे काळे पडले होते, मी तेव्हा काही बोलले नाही. लग्नाचं काम तुम्हीच करावं अशी इच्छा आहे. पंचेचाळीस गजरे सकाळी सातला लागतील. बांधायला किती जण बसतील?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा.

‘पुतण्या आहे, शेजारच्या दोघी येतात, पहाटे चारला बसू’ असं नेमकं उत्तर आलं तर निर्धास्त राहा. ‘होईल हो, काळजी करू नका’ असं आलं, तर एकदा पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर गजरे बाजाराजवळच्या बांधणाऱ्यांकडे द्या, आणि देवाची फुलं, वरमाला, तोरणं काकांकडेच ठेवा. काका स्वतःच म्हणाले, ‘गजरे नकोत माझ्याकडे’, तर त्यांचे आभार माना आणि खात्रीचं कोण करेल ते त्यांनाच विचारा. या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात, आणि त्यांनी सांगितलेल्या माणसाकडून आलेला माल तपासायला ते स्वतःही उभे राहतील.

हे बोलणं लग्नाच्या किमान तीन आठवडे आधी करा. चिठ्ठी दहा दिवस आधी द्या, तीन दिवस आधी आकडे पक्के करा, आदल्या रात्री आठला एक फोन, कारण त्यानंतर काका झोपतात आणि पहाटे बाजारात असतात. मुहूर्त सगळ्यांचे त्याच चार-पाच तारखांना येतात, आणि गजरे बांधणाऱ्या बायका जो आधी सांगतो त्याच्याकडे जातात.